सुटलेला काटा

१

घरातलं माणूस उंबऱ्याबाहेर पडलं, की ते परत येईपर्यंत घड्याळाकडे बघायचं नाही.

धुळ्याच्या घरातला हा नियम. तो का, असं विचारायचं नाही, हे त्याच नियमाचं शेपूट. दिपमालाने लहानपणी एकदा विचारलं होतं. भागाबाई अक्कांनी, म्हणजे तिच्या थोरल्या काकूंनी, तिला मारलं नाही की त्या ओरडल्या नाहीत. तिच्या हातातली अर्धी खाल्लेली भाकरी काढून घेतली, परत टोपलीत ठेवली आणि वर फडकं झाकलं. तो अपमान दिपमालाला अजून जसाच्या तसा आठवत होता.

खरा राग वेगळ्याच गोष्टीचा होता. हे घर काही गंडेदोऱ्यांचं नव्हतं. आजोबांनी दीक्षा घेतली त्याच आठवड्यात देव्हारा उचलून पांझरा नदीत सोडला होता. बैठकीच्या खोलीत बुद्धाची शांत मूर्ती होती. या घरातली माणसं अमावस्येला नवी गाडी आणत आणि मांजर आडवं गेलं तर त्याला दूध पाजत. गल्लीत कुणाच्या अंगात आलं की सुपडू आबा, म्हणजे तिच्या वडिलांचे थोरले भाऊ, घरातून खुर्ची घेऊन बघायला जात. सगळं जुनं फेकून दिलं, मग हे एवढंच कशाला ठेवलं?

देवपुरातलं ते घर तसं साधंच होतं, तीन खोल्या आणि वर स्लॅब. बैठकीत घड्याळ नाही. एकुलतं एक घड्याळ स्वयंपाकघरात, दाराच्या मागच्या भिंतीवर, म्हणजे दार उघडं असलं की दिसायला नको. आबांची एक गंमत होती. बोलता बोलता ते डावं मनगट वळवून त्याच्याकडे बघत. मनगटावर काहीही नसायचं. दिपमाला चिडवायची, "आबा, किती वाजले?" आबा हात खाली घेत आणि दुसरंच काही बोलू लागत. त्यांना लग्नात सासऱ्याने घड्याळ दिलं होतं, ते नवं असतानाच हरवलं, एवढं तिने पप्पांकडून ऐकलं होतं.

आणि ते मागचं दार. त्याच्यापुढे लोखंडी कपाट लावलेलं होतं, कधीपासून ते कुणी सांगत नसे. मे महिन्याच्या भर दुपारी, लिंबाचं पानही हलत नसताना, त्या दाराची बाहेरची कडी वाजायची. सावकाश, तीनदा-चारदा. घरात कुणी मान वर करत नसे.

"नाना, कोण आहे?"

"वारा शे," वना नाना पेपरातून डोकं न काढता म्हणायचे. हे धाकटे काका.

मोठ्या माणसांना खोटं नीट बोलताही येत नाही, असं दिपमालाचं मत तिथेच पक्कं झालं.

२

दिपमाला आता जळगावला एमआयडीसीतल्या चटईच्या कारखान्यात प्रॉडक्शन इंजिनिअर होती. प्लॅस्टिकच्या चटया विणणारे माग, त्यांचा खडखडाट, आणि कुठला माग कुठे वेळ खातो ते शोधायचं हे तिचं काम. नोकरी कायम झाली तेव्हा तिने स्वतःला एक घड्याळ घेतलं.

घड्याळ नवंकोरं, धाटणी मात्र जुनी. दुधाळ रंगाची तबकडी, फुगीर काच, तपकिरी कातड्याचा पट्टा. आत तीन छोट्या तबकड्या: एक नेहमीच्या सेकंदांची, एक मिनिटं मोजणारी, एक तास मोजणारी. उजव्या बाजूला चावी, तिच्या वर एक बटण आणि खाली एक. वरचं दाबलं की मधला लांब काटा सुटतो, पुन्हा दाबलं की जागच्या जागी थांबतो. खालचं दाबलं की सगळं शून्यावर. आत सेल नाही, रोज सकाळी चावी द्यायची.

ही चावी देणं तिला फार आवडलं. दात घासून झाले की घड्याळ मनगटावरून काढायचं (मनगटावर असताना चावी देऊ नका, असं सोबतच्या पुस्तिकेत बजावलं होतं), अंगठा आणि बोटाच्या चिमटीत चावी धरून फिरवायची. सुरुवातीला ती सैल फिरते, मग आतली स्प्रिंग ताठ होत जाते आणि एका जागी ठाम नाही म्हणते. दिपमालाला नाही म्हणणारी वस्तू आवडणारच. कानाशी धरलं की आत बारीक, घाईतली टिकटिक. पहिल्या आठवड्यात काचेवर मागाच्या फ्रेमचा ओरखडा आला तेव्हा तिला वाईट वाटलं, आणि मग घड्याळ खरंच आपलं झालं असंही वाटलं.

धुळ्याला फोनवर ही बातमी गेली तेव्हा अक्का म्हणाल्या, "सेल नही, ते मंग कसावर चालस?"

"रोज चावी देते, अक्का."

"रोज? मंग ते घड्याळ शे का बकरी? रोज चारा टाकना पडस!"

दिपमाला हसली. मग सहज सांगून गेली, की यात वेळ मोजताही येतो, कुणाला कशाला किती वेळ लागला ते.

पलीकडे अक्का हसायच्या थांबल्या. "मागवर मोज," त्या म्हणाल्या. "घरमा नको."

एवढं बोलून त्यांनी फोन ठेवला.

३

जळगावात मेहरूणच्या घरात दोघंच राहत. आई जाऊन बरीच वर्षं झाली होती. पप्पा, म्हणजे अभिमन, वीज मंडळातून निवृत्त झालेले लाइनमन. साखर निघाल्यापासून डॉक्टरांनी त्यांना चालायला सांगितलं होतं, म्हणून संध्याकाळी उन्हं कलली की ते मेहरूण तलावाला फेरी मारायला जात आणि आल्यावर बढाया मारत.

"सगळ्यांना मागे टाकून आलो आज. पोरंसोरंसुद्धा मागे."

"बसला असाल कट्ट्यावर गप्पा मारत."

"मग मोज ना! एवढं घड्याळ आणलंय ते काय शोभेला?"

दुसऱ्या दिवशी पप्पा फाटकाबाहेर पडले आणि दिपमालाने वरचं बटण दाबलं. टक्. लांब काटा सुटला. किती नियमबाह्य काम केलं आपण, असं तिच्या मनात आलं आणि तिला बरंच वाटलं.

ती आतल्या खोलीत लॅपटॉप उघडून बसली. मागच्या बाजूने स्वयंपाकघरात यायचं दार आहे, पप्पा तिकडूनच येतात. काही वेळाने तिला फाटकाचा आवाज आला. मग चपला काढल्याचा. मग घसा खाकरल्याचा, मग माठावरचं झाकण सरकल्याचा. रोजचे आवाज, रोजच्याच क्रमाने. तिने न बघताच बटण दाबलं. काटा थांबला.

"पप्पा! आज खरंच लवकर आलात हो!"

उत्तर आलं नाही. ती उठून गेली. स्वयंपाकघर रिकामं होतं. दारात चपला नव्हत्या. माठावरचं झाकण तेवढं तिरकं.

पप्पा त्यानंतर बऱ्याच वेळाने आले. घामाने शर्ट पाठीला चिकटलेला. "किती झाले?" त्यांनी विचारलं.

"चुकलं माझं. बटण आधीच दाबलं गेलं."

झाकण सकाळी तिनेच तिरकं ठेवलं असणार. फाटक शेजारच्यांचं वाजलं असणार. शेजारच्या काकांनाही घसा आहेच. दिपमालाने तीन कारणं शोधली आणि तिन्ही तिला पटली. घड्याळ तर खोक्यातून काढलेलं, कोरं करकरीत. त्यात भूत यायचं म्हटलं, तरी आधी कुणी मालक मरायला नको का?

दुसऱ्यांदा मोजलं तेव्हा तिने आधीच ठरवलं होतं, आवाज आला की विचारून खात्री करायची. फाटक वाजलं. चपला. घसा. माठ. या वेळी पुढेही काहीतरी: शेजारच्या खोलीत पप्पांच्या खाटेची करकर, माणूस बसल्यावर होते तशी.

"पप्पा?"

"हं," पप्पा म्हणाले.

तिने बटण दाबलं. त्याच वेळी टेबलावरचा मोबाइल वाजू लागला. पडद्यावर पप्पांचं नाव.

"ऐक, इथे तलावाजवळ टरबुजाची गाडी उभी आहे. घेऊ का एक?"

मागे गाड्यांचे आवाज, कुल्फीवाल्याची घंटा. दिपमालाचं लक्ष शेजारच्या खोलीकडे. तिथून काहीच ऐकू येत नव्हतं. कुणीतरी नीट गप्प बसल्यासारखं.

"घ्या," ती म्हणाली. आवाज आपला नेहमीचाच निघाला याचं तिला कौतुक वाटलं. फोन चालू ठेवूनच ती उठली आणि पडदा बाजूला केला. खाट रिकामी होती. चादरीवर मधोमध खळगा. तिने हात लावला. ऊबदार.

मे महिन्यात जळगावात काय ऊबदार नसतं, तिने स्वतःला विचारलं. माठाखालचा स्टूलसुद्धा ऊबदार असतो.

पण त्या रात्री जेवताना तिने टरबुजाची फोड हातात घेतली आणि पप्पा बोलत असताना ती त्यांच्याकडे नको तितकं निरखून बघत राहिली. टक्कल, कानावरचे केस, डाव्या हातातलं स्टीलच्या पट्ट्याचं जुनं घड्याळ. ते पप्पा आंघोळीलाच काढायचे, आणि तेव्हा त्याखाली एक गोरा पट्टा दिसायचा.

"काय गं? दाताला काही लागलंय का माझ्या?"

"नाही. जेवा."

४

मागाच्या बाबतीत ती जे करते तेच तिने केलं. एकच गोष्ट बदलायची आणि बाकी सगळं तसंच ठेवायचं.

घड्याळ कारखान्यात अचूक चालत होतं. मागाशेजारी पुन्हा पुन्हा मोजलं, मोबाइलशी ताडून बघितलं, फरक नाही. घड्याळात दोष नव्हता. मग तिसऱ्यांदा पप्पांची फेरी मोजताना तिने बदल केला तो स्वतःत. काहीही ऐकू आलं तरी बटण दाबायचं नाही. पप्पा डोळ्यांना दिसले, की मगच.

फाटक. चपला. घसा. माठ. खाटेची करकर. दिपमाला पडद्याकडे तोंड करून खुर्चीत बसली होती. अंगठा बटणावर, पण नुसता टेकवलेला. तबकडीवर काटा फिरत होता.

खाट पुन्हा करकरली, माणूस उठल्यावर होते तशी. पावलं आली आणि पडद्यापलीकडे थांबली.

पडदा हलला नाही. त्याच्या खालच्या फटीत ना सावली, ना पाय. पण पडद्यापलीकडे आता कुणीतरी श्वास धरून उभं होतं, याबद्दल तिला तसूभर शंका नव्हती. तिला आश्चर्य वाटलं ते वेगळ्याच गोष्टीचं. ते आत येत नव्हतं. ते घाबरवतही नव्हतं. दुकानात आपला नंबर यायची वाट बघत माणूस उभा राहतो, तसं ते सभ्यपणे उभं होतं.

तिने अंगठा बटणावरून काढला.

बराच वेळ गेला. मग फाटक पुन्हा वाजलं, आणि पप्पांचा खराखुरा आवाज: "अगं, ती शेजारची पोरं गाडी कुठे लावतात बघ!" पप्पा पडदा सारून थेट तिच्या समोर आले. घामाघूम, वैतागलेले, मनगटावर स्टीलचा पट्टा. तेव्हा तिने बटण दाबलं.

पडद्यामागे कुणी नव्हतं. खाटेवर खळगाही नव्हता.

म्हणजे तो बटणाची वाट बघत होता, असं तिच्या मनात आलं, आणि आपण 'तो' म्हणालो याचा तिला भयंकर संताप आला.

५

तिने अक्कांना फोन लावला. आडवळण तिला जमत नसे. "अक्का, बाहेर गेलेल्या माणसाचा वेळ मोजला तर काय होतं?"

पलीकडे हातातलं भांडं खाली ठेवल्याचा आवाज आला.

"तू मोजं का वं?"

"तीनदा."

"बटन दाबं?"

"अक्का, मला बटणाचं तुम्हाला कुणी सांगितलं ते सांगा. मी तर फक्त मोजलं म्हणाले."

"रविवारले ये," अक्का म्हणाल्या. "अभिमनले घीसन ये."

रविवारी सकाळची गाडी पकडायच्या घाईत, घड्याळ घेतल्यापासून पहिल्यांदाच, दिपमाला चावी द्यायला विसरली. वाटेत पारोळ्याजवळ तिच्या ते लक्षात आलं. कालची चावी संध्याकाळपर्यंत पुरेल, असा हिशेब करून ती गप्प बसली.

धुळ्यात पोचेपर्यंत ऊन डोक्यावर आलं होतं. गल्लीत कुत्रंही नव्हतं. बैठकीत कूलर घरघरत होता. आबा खुर्चीत, नाना सतरंजीवर, अक्का स्वयंपाकघराच्या दारात आमरसाचं पातेलं मांडीशी घेऊन. तिघांचीही नजर आल्याआल्या दिपमालाच्या मनगटावर गेली.

"ते काढी ठेव," आबा म्हणाले.

"का?"

"काढ म्हनं ते काढ."

"आबा, मी पंचवीस वर्षांची आहे. कारण सांगा, मग काढते. आज तेच ऐकायला आले."

"बठ्ठा गोष्टीसले कारण ऱ्हास का?" नाना म्हणाले.

"असतं. सांगणाऱ्याला सांगायचं नसतं, एवढंच."

पप्पांना ही भांडणं जुनी होती. ते हसत उठले, मोबाइल चार्जिंगला लावला आणि पातेल्यात डोकावले. "अक्का, आमरसाला बर्फ नाही? मग कसला आमरस! थांब, कोपऱ्यावरून आणतो."

"पप्पा, बसा. नको बर्फ."

"अगं, हा गेलो नि हा आलो. आबा, तुम्ही अजून त्या घड्याळाला भिता? मी आयुष्यभर खांबावर चढलो, तारांना नाही भ्यालो!" आणि तिला काही कळायच्या आत त्यांनी तिचा हात धरला आणि वरचं बटण दाबलं. टक्. "मोज. पाच मिनिटांत हजर."

ते उन्हात बाहेर पडले. चपलांचा आवाज गल्लीच्या टोकाकडे गेला आणि संपला.

अक्कांच्या हातातली रवी पातेल्यात तशीच राहिली. आबांनी डावं मनगट वळवलं, त्याच्याकडे पाहिलं आणि हात खाली घेतला.

६

पाच मिनिटं होऊन गेली. मिनिटांच्या छोट्या तबकडीवर काटा पुढे सरकत होता. कोपरा काही लांब नव्हता. पण दुकान बंद असेल, पुढे गेले असतील, कुणी ओळखीचं भेटलं असेल. पप्पांना ओळखीचं कुणी भेटलं की उन्हाचीही शुद्ध नसते. दिपमालाकडे कारणं अजून भरपूर होती. ती दाराकडे तोंड करून बसली.

कडी वाजली. मागच्या दाराची, कपाटामागची. सावकाश, तीनदा. कुणी मान वर केली नाही.

मग मधल्या खोलीतून आवाज आले. त्या खोलीला बाजूच्या बोळात उघडणारं दार आहे. चपला. घसा. आणि खाटेची करकर.

अक्का उठल्या. त्यांनी तांब्यातून पेलाभर पाणी घेतलं, मधल्या खोलीचा पडदा सारला आणि आत गेल्या. पाहुणा आल्यावर जातात तशा. बाहेर आल्या तेव्हा पेला रिकामा होता.

"उना तो," आबा म्हणाले. त्यांचा आवाज एकदम मऊ झाला होता. "आते बटन दाबी दे, पोरी. नि पुढलं दार लाई ले. ऊन येस."

"पप्पा?" दिपमालाने पडद्याकडे बघत हाक मारली.

"हं."

"बर्फ आणला?"

"हं."

"की दगड आणले?"

"हं."

दिपमाला उठली. पडदा तिने बोटभरच सारला. खाटेवर माणूस बसला होता, पाठमोरा. पप्पांचाच चौकडीचा शर्ट, पप्पांचंच टक्कल, कानावर तेच केस. शर्ट पाठीला चिकटलेला नव्हता. एवढ्या उन्हातून आलेल्या माणसाची पाठ कोरडी ठणठणीत होती.

मग त्याने डावा हात वर घेतला आणि मनगट वळवून बघितलं. मनगट मोकळं होतं. घड्याळ नव्हतं आणि घड्याळाखालचा गोरा पट्टाही नव्हता. सगळा हात एकाच रंगाचा.

दिपमालाने पडदा सोडला. ती सावकाश वळली. खुर्चीत बसलेल्या आबांच्या डाव्या हाताकडे तिने आयुष्यात पहिल्यांदा नीट बघितलं. आबांनी तो हात मांडीखाली सरकवला.

"हट नको करू," नाना म्हणाले. "काय फरक पडस? तोच शे. बोलस, खास, पेस, कामले जास. बठ्ठं तेच. जो पहिले उना तो आपला."

"आणि जो मागून येतो तो?"

नानांनी पेपर उचलला.

"दाब वं माय," अक्का म्हणाल्या. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. "कितला येळ उभा ठेवशी त्याले? दाबं की तरास मिटस. मंग काही वाटत नही. खरंच सांगस तुले, काहीच वाटत नही."

मनगटावरची टिकटिक मंदावल्यासारखी वाटली. तिने बघितलं. लांब काटा अजून चालत होता, पण थकल्यासारखा, एकेका रेघेवर अडखळत. काल सकाळची चावी. त्यावर हा सुटलेला काटा स्प्रिंग दुप्पट खातो, हे तिला आता आठवलं. तो आपोआप थांबला तर? थांबणं ते थांबणंच. बटणाने काय आणि चावी संपून काय. मधल्या खोलीत खाट करकरली, माणूस उठल्यावर होते तशी. पावलं पडद्याशी आली.

आबा खुर्चीतून पुढे वाकले. वाट बघणारा चेहरा होता तो, सभ्य आणि धीराचा. दिपमालाने तो चेहरा याआधी पाहिला नव्हता, पण मेहरूणच्या पडद्यामागे तो नेमका असाच असणार हे तिला कळलं.

"नाही दाबणार," ती म्हणाली.

मेहरूणला दोनदा बटण दाबूनही पप्पा आत येऊ शकले होते, कारण तिथलं दार उघडं होतं. ती पुढच्या दारापाशी गेली, दोन्ही कवाडं भिंतीपर्यंत सताड उघडली आणि उंबऱ्यावरच बसली, पाठ गल्लीकडे आणि तोंड घराकडे. बाहेरचा लख्ख उजेड तिच्या खांद्यावरून थेट पडद्यापर्यंत गेला. मनगटावर असताना चावी देऊ नका, असं पुस्तिकेत होतं. हात मोकळा करायची तिची तयारी नव्हती. तिने घड्याळ तसंच ठेवून चावी चिमटीत धरली आणि फिरवली. सैल. पुन्हा फिरवली. आतली स्प्रिंग हळूहळू ताठ होऊ लागली, काटा सावरला, सरळ चालू लागला.

"माझा बाप बर्फ आणायला गेलाय. लागेल तेवढा वेळ लागू दे. येईल तो या दारातून, माझ्या डोळ्यांदेखत, घामाने भिजून आणि बडबडत येईल. तोपर्यंत हा काटा थांबणार नाही. रात्र झाली तरी नाही, आठवडा झाला तरी नाही. मी रोज चावी देईन. बकरीला चारा टाकते म्हणा हवं तर."

पडद्यामागे श्वास धरलेला होता. आणि मग मागच्या दाराची कडी पुन्हा वाजली. सावकाश, तीनदा. या वेळी दिपमालाने त्या आवाजाच्या दिशेने, कपाटाकडे, मान वळवली, आणि मग आबांकडे.

"आबा, अक्कांच्या वडिलांनी दिलेलं ते घड्याळ ज्याच्या हातात होतं, तो अजून बाहेरच आहे ना?"

अक्कांनी पदर तोंडाशी नेला. नानांनी पेपर खाली ठेवला. आबांनी डावा हात मांडीखाली आणखी आत सारला.

कूलरच्या घरघरीत फक्त चावी फिरल्याची बारीक करकर ऐकू येत होती.